प्रत्येक वायर दाराशी पोचते

विसूदादा गेले ही बातमी ऐकायला धावलो आणि टेबलफॅनच्या वायरीत पाय अडकून मी आडवा झालो. आमच्याकडे फोन नाही, तो शेजारी येतो. शेजारची मुलगी दारात येऊन म्हणाली, "काका, पावण्याहून फोन आहे, लवकर या." मी उठलो, पंखा स्टुलावरून खाली आला आणि पंख्यावर मी. गुडघा धरून लंगडत रिसीव्हर कानाला लावला. ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं, तर शेजारच्या वहिनींना वाटलं गुडघ्याला फारच लागलंय. त्या बिचाऱ्या मलम घेऊन आल्या. ज्या माणसाने आपल्या शेडमध्ये एक वायर कधी जमिनीवर लोळू दिली नाही, त्याच्या जाण्याची खबर मी अशा थाटात घेतली...

विसूदादा माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ. वाशीत आमच्यासारखी पगारदार मंडळी नव्या फ्लॅटच्या चाव्या घेऊन यायला लागली, त्या सुमाराला त्यांनी जवळच्या पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड घेतली. आठ माणसं, चार-पाच ग्राइंडर, दोन ड्रिल, एक वेल्डिंगचं मशीन. ग्रिल, टाक्यांचे स्टँड, मशीनवर बसवायच्या जाळ्या असली कामं. आजूबाजूच्या गाळ्यांत पाऊल टाकायचं तर वायरींवरून लंगडी घालत जावं लागे. दादांच्या शेडमध्ये मात्र जेवायला पान मांडावं अशी जमीन. दाराशेजारी एकच मोठा बोर्ड आणि सगळ्या वायरी तिथून निघालेल्या. जुन्या स्कूटरचे टायर अर्धे कापून त्यांनी भिंतीवर छातीच्या उंचीला ओळीने ठोकले होते, वायरीला कुठे घडी पडू नये म्हणून. प्रत्येक टेबलाला स्वतःची वायर, आणि एकीने दुसरीला ओलांडायचं नाही. वायरीला टेपचा जोड चालत नसे. कुठे चरा पडला की तेवढा भाग कापून टाकायचा. त्यामुळे दादांच्या वायरी वर्षावर्षाला आखूड होत जायच्या आणि टेबलं हळूहळू दाराकडे सरकायची. मी म्हणायचो, आणखी दहा वर्षांनी तुमचा कारखाना रस्त्यावर येणार.

संध्याकाळी काम संपलं की दादा डोळे मिटून एकेक वायर मुठीतून सरकवत न्यायचे. बारीकसा चराही त्यांच्या बोटांना लागायचा. मग वेटोळं करायचं, एक फेरा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ बसत नाही. मी एकदा विचारलं, "दादा, नाडी बघताय का?"

"हो," ते म्हणाले, "तुमचीही बघू का, भावोजी? पण ती सापडायला हवी."

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नव्या घरात पुस्तकांसाठी फळी लावायची होती. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, म्हणून फळी खांद्यावर घेऊन मी शेडमध्ये गेलो. दादांनी ड्रिल दिलं, आतल्या कोपऱ्यातलं रिकामं टेबल दाखवलं. ड्रिलची वायर तिथवर टायरांच्या ओळीतून नेली तर वळसा पडत होता. मी विचार केला, दोन मिनिटांचं काम... आणि गणपत नावाच्या कारागिराच्या ग्राइंडरच्या वायरीवरून ती सरळ आडवी ओढून घेतली. ओढताना दोन्हींचा पीळ बसला, तो तसाच ठेवला. एक भोक पाडलं, तेवढ्यात चहा आला. आयत्या चहाला मी कधी उशीर करत नाही. ड्रिल टेबलावर टाकून दाराशी गेलो.

कप तोंडाला लावला आणि वास आला. पलीकडच्या आवारात टँकर रिकामा होत होता, त्याचा पाइप निसटला होता. कसला वायू होता ते धड कळलंच नाही, पण डोळ्यांत कुणीतरी मिरचीची पूड फुंकावी तसं झालं. वारा नेमका आमच्याकडे. क्षणभरात शेड पांढरी झाली. आत सात माणसं आणि एकालाही डोळे उघडता येईनात. दादा बोर्डापाशीच होते. त्यांनी हात मारून मेन बंद केला, मशीनचे आवाज थांबले, आणि त्या शांततेत त्यांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, रोज काम सांगायचे तसाच.

"वायर धरा. आपापली वायर धरा आणि माझ्याकडे या. धावायचं नाही."

मी दाराबाहेर उभा राहून मिचमिच्या डोळ्यांनी पाहत होतो. धुरातून एक हात बाहेर आला, वायर धरलेला. मग माणूस. त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्या वायरीवरून. कुणी कुणावर आदळलं नाही, कुणी अडखळलं नाही. मिटल्या डोळ्यांची माणसं देवळातल्या रांगेसारखी बाहेर येत होती आणि दादा प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून मोजत होते. असलं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

सहा झाले. सातवा येईना.

"गणपत!" दादांनी हाक मारली.

"दादा, वायर हाय हातान... पन ही टेबलाशी संपली! दरवाजा खय हाय?"

गणपत पिळापाशी आला होता आणि त्याच्या हातात माझी वायर गेली होती. ती धरून तो उलटा आत, त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेला होता. माझ्या फळीपाशी. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. दादांनी नॅपकिन पाण्याच्या पिंपात बुडवून तोंडाला बांधला, बोर्डावरून गणपतची वायर चाचपून घेतली आणि ती धरून त्याच्या हाकेच्या दिशेने आत शिरले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तो फार वाटला. ते बाहेर आले तेव्हा गणपत त्यांच्या खांद्यावर होता आणि दोघंही ओकत होते.

तासाभराने हवा निवळली. दादा म्हणाले, "आधी मी एकटा बघून येतो." आम्ही आत गेलो तेव्हा दोन्ही वायरी आपापल्या टायरांवर होत्या. पीळ नव्हता. गणपतने विचारलं, "मी कसा चुकलू?" दादा म्हणाले, "घाबरलास रे, दुसरं काय." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुढच्या शनिवारी शेजारी फोन आला, "भावोजी, फळीला दुसरं भोक राहिलंय. या." मी गेलो. त्यांनी ड्रिल माझ्या हातात दिलं, वायर टायरांवरून कशी न्यायची ते एकदा दाखवलं आणि भोक पाडेपर्यंत शेजारी उभे राहिले. विषय संपला. त्यांच्यापुरता.

दादांचा खोकला मात्र संपला नाही. गेल्या वर्षी तो छातीत बसला, आणि महिन्याभरापूर्वी त्यातच ते गेले. स्मशानात गणपत माझ्याशेजारी रडत होता. "दादान मना भायेर काढलान. तवापासून खोकतंय तो मानूस." डॉक्टर म्हणाले होते, इतकी वर्षं वेल्डिंगचा धूर खाल्ला, आणखी काय होणार. मी डॉक्टरांचं ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्याच्यामुळे दादा गेले तो मी आणि जिचा भाऊ गेला ती माझी बायको, एकाच ताटात जेवल्यासारखे आम्ही एका घरात वावरत होतो, आणि तिला ठाऊक नव्हतं.

परवा दुपारी सुमन गवार मोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. चहा, पीळ, गणपतची हाक, न फुटलेला शब्द, सगळं. शेवटी म्हणालो, "दादा माझ्यामुळे गेले, सुमन." तिने हातातली शेंग मोडली, शीर काढली, परातीत टाकली. मग आणखी चार शेंगा. मला वाटलं, आता ही उठून जाईल.

"तेव्हाच सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. "त्याचा राग मला आहे, तो राहील. पण दादा आत गेला तो स्वतःच्या पायांनी गेला. ते त्याचं आहे. त्यात तुम्ही वाटा मागू नका."