अर्धा ओठ

अक्कलदाढ काढताना माझी नस दुखावली आणि खालचा ओठ डावीकडून बधिर झाला. "होईल हळूहळू," असं म्हणून दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनी विषय संपवला. आता नस पुन्हा जागी व्हावी म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात लेझरचे उपचार घेते. काल तिथे नंबराची वाट बघत बसले होते, तेव्हा समोरच्या बाई चहा पीत होत्या. चहा हनुवटीवरून साडीवर ओघळत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी खुणावलं, तशा त्या ओशाळल्या. "माझाही ओठ असाच, दाढ काढल्यापासून," मी म्हणाले.

"माझंही दाढेचंच. तुम्हाला काही फरक?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," मी खोटंच बोलले.

चूक डॉक्टरांची, ओशाळायचं मात्र आपण. आपलाच चेहरा असा परका होतो, की त्याची खबर अनोळखी माणसाने द्यावी लागते.

तेवढ्यात मला आत बोलावलं. डोळे जपणारा काळा चष्मा चढवून मी लेझरखाली पडून राहिले. ओठाला काहीच कळत नव्हतं. जाणवत होता तो फक्त राग.