काकांची चुंबकं

भोंगेवाले काका म्हणजे माझे सख्खे चुलते. चाळीस वर्षं लाउडस्पीकर दुरुस्त करून त्यांच्या पदरात दोनच गोष्टी पडल्या: थोडा बहिरेपणा आणि खोकंभर लोहचुंबकं. बहिरेपणाचा त्यांना त्रास नव्हता, दुसऱ्याचं ऐकायची सवय तशीही नव्हती. चुंबकांनी मात्र घर भरलं. पिंपाखाली चुंबक, उशीत चुंबक, मनगटाला चुंबकांची माळ. कुणाचं डोकं दुखलं की काका खोक्याकडे वळायचे आणि दुखणारा दाराकडे.

काकू गच्चीवर मधमाशा पाळायची. सायकल, बँकेचा फॉर्म, गॅसची नळी, प्रत्येक वेळी काकांचा निकाल ठरलेला असे, "तुला नाही जमायचं." माशांच्या बाबतीतही तेच म्हणून झालं होतं. पण माशांना काकांचं मत कुणी कळवलं नसावं, कारण पेटी अकरा वर्षं भरत होती.

त्या वर्षी जुन्या पेटीतला अर्धा थवा उडून पाण्याच्या टाकीला लटकला. काकूने तो उतरवून नव्या पेटीत घातला आणि पेटीचं तोंड जुन्या पेटीच्या तोंडाच्याच दिशेला ठेवलं.

"जुन्या घरात पोळी ज्या दिशेने बांधतात, त्याच दिशेने नव्या घरात बांधायला घेतात गं," ती मला म्हणाली. "आत काळोख असतो, तरी चुकत नाहीत."

"पोटात लोखंडाचे कण असतात त्यांच्या!" काका ओरडले. "पृथ्वीचं चुंबकत्व कळतं त्यांना!"

एवढं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही होतं. घोटाळा पुढे झाला. थोड्या चुंबकत्वाने माशा इतकं काम करतात, तर जास्त दिलं की किती करतील, असा हिशेब त्यांनी मांडला आणि कुणाला न सांगता नव्या पेटीच्या तळाला स्पीकरची चार चुंबकं चिकटवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलही काकूचा होता.

तीन आठवड्यांनी मधपाळांच्या मंडळाचे अध्यक्ष चार जणांना घेऊन गच्चीवर आले. मंडळाला नवशिक्यांच्या वर्गासाठी शिकवणारी बाई हवी होती आणि त्यांनी काकूचं नाव ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी शोधत आलं होतं. सकाळपासून तिने तीनदा साडी बदलली होती, शेवटी पहिलीच नेसली.

तिने धूर दिला, झाकण काढलं, आत उभ्या लावलेल्या, पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटींपैकी पहिली उचलायला गेली. चौकट हलेना. दुसरी ओढली तर तिसरीही बरोबर येऊ लागली. माशांनी पोळी चौकटींच्या आडवी बांधली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ओढताना एक पोळं फाटलं, मध ओघळला, माशा खवळल्या. पाहुणे मागे सरले.

आता तरी काकांनी तोंड उघडावं की नाही? उघडलं. म्हणाले, "मी सांगितलं होतं, हिला नाही जमायचं."

मला त्या क्षणी त्यांना पेटीत कोंबावंसं वाटलं.

काकूने पेटी तिरकी केली आणि हातातली लोखंडी पट्टी आधाराला तळाशी सरकवली. टक्! पट्टी तिथेच चिकटली. अध्यक्षांनी वाकून पाहिलं. मग सगळ्यांनी काकांच्या मनगटाकडे पाहिलं.

चोर सापडला की मान खाली घालतो. आमचे काका व्याख्यान द्यायला लागले. "हा माझा प्रयोग! बघा, चुंबकाने माशांची दिशा कशी फिरवली!"

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आधी कुठल्या दिशेला बांधत होत्या?"

काका मनगटावरची माळ फिरवू लागले.

"पूर्व-पश्चिम," काकू म्हणाली. "अकरा वर्षं."

अध्यक्षांनी वही काढली आणि तिथेच तिला विचारलं, "वर्ग कधीपासून घ्याल?"

पाहुणे गेल्यावर काकूने चुंबकं उपटून काढली. मग एकेक आडवं पोळं कापून, चौकटीत सरळ बसवून दोऱ्याने बांधायचं काम सुरू झालं. मनगटावरची माळ काढून काकाही येऊन उभे राहिले. एक चौकट त्यांनी मागून घेतली. पोळं निसटलं, पुन्हा धरलं, दोरा गुंतला, बोटाला एक माशी डसली. पुन्हा निसटलं.

"मला नाही जमत," काका हळूच म्हणाले.

काकूने गुंता सोडवून दोरा परत त्यांच्या हातात दिला. "जमेल. सावकाश बांधा."

मी तिच्या जागी असते तर तसं म्हटलं नसतं.