दोन ट्रान्सफर केसची गाडी आणि भैयासाहेब

श्री. गजाननराव कारखानीस, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भैयासाहेब, यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथाच्या संपादकांनी 'पहिला परिचय जरा प्रसन्न शब्दांत लिहा' असे सुचवले आहे, पण माझा नाइलाज आहे. उज्जैनच्या एका पदविका महाविद्यालयात मशीन ड्रॉइंग शिकवायला लागून मला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि आपल्याला सगळे येते असा माझा ठाम समज होता. माझ्या एका विद्यार्थ्याने गिअरच्या पेटीचा आराखडा भैरवगढ रस्त्यावरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये करायला दिला. आराखडा तसाच परत आला. माझ्या सहीशेजारी पेन्सिलीने लिहिले होते, 'या बोल्टपर्यंत पाना पोचणार कसा?'

मी तडक स्कूटर काढली आणि जाब विचारायला गेले. भैयासाहेबांनी मला बसायला स्टूल दिले आणि लाकडी पट्ट्या ठोकून केलेला एक खोका समोर ठेवला. माझ्याच आराखड्याच्या मापांनी तो त्यांनी केला होता. हातात पाना देऊन म्हणाले, "घ्या बाई, कसा बोल्ट." मी इकडून हात घातला, तिकडून घातला, बोटांची सालटी निघाली, बोल्ट काही हलेना. ते हसले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "ड्रॉइंग एकदम फर्स्ट क्लास आहे. बस, हाताला जागा नाही." त्या दिवसापासून गेली एकोणीस वर्षे मी त्या वर्कशॉपमध्ये शिकायला जाते आहे. महाविद्यालयातले सहकारी याला 'औद्योगिक भेट' म्हणतात, मी शिकवणी म्हणते.

कारखानीसांचे घराणे दरबारच्या चाकरीत माळव्यात आले आणि इथलेच झाले. पुढच्या पिढ्या कचेऱ्यांमधून लेखणी चालवत राहिल्या. भैयासाहेबांनी पाना हातात घेतला तेव्हा त्यांचे वडील सहा महिने त्यांच्याशी बोलले नव्हते म्हणे. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इथे आलेले. भैयासाहेबांचे हिंदी मिसळलेले मराठी पहिल्यांदा ऐकून माझ्या आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारले होते, "हे गृहस्थ नक्की काय बोलतात गं?" पुढे आईला त्यांचे बोलणे इतके आवडू लागले, की ते आले की ती मुद्दाम पोह्यांचा विषय काढायची. शेव घालावी की नाही यावर दोघांची जी जुंपायची, ती ऐकण्यासारखी असे.

त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी या ग्रंथात अनेकांनी लिहिल्या असतील. मी एकच लिहिते. मुलींची पहिली तुकडी प्रात्यक्षिकासाठी त्यांच्याकडे न्यायची असे मी ठरवले, तेव्हा ते नुसते "आणा ना" एवढेच म्हणाले. मुली गेल्या तर शेडच्या कोपऱ्यात नवी खोली बांधलेली, आतून कडी, आरसा आणि अंगावर घालायच्या कामाच्या डगल्यांसाठी सहा खुंट्या. मी आभार मानू लागले, तर मला फ्रीगंजमधून आणायच्या बेअरिंगांची यादी हातात देऊन पिटाळले.

आता ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळते. त्या आधी भैयासाहेबांचा एक नियम सांगायला हवा. त्यांच्याकडे कुठलेही महत्त्वाचे माप दोन माणसांनी, वेगवेगळे घ्यायचे. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, चिठ्ठी खिशात ठेवायची आणि मग टेबलावर दोन्ही एकदम उघडायच्या. आकडे जुळले तरच लोखंडाला करवत लावायची. मुश्ताकभाई हे त्यांचे तीस वर्षांचे वेल्डर. त्यांनाही यातून सूट नव्हती आणि स्वतः भैयासाहेबांनाही नव्हती. हा नियम एकदाच मोडला आणि तो माझ्यासाठी मोडला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शारदा सिस्टर नावाच्या परिचारिका त्यांच्याकडे एक पिकअप घेऊन आल्या. विंध्याच्या कडेला, उज्जैनपासून साडेतीन तासांवर, डोंगरावर एक फलिया आहे. फलिया म्हणजे तिथली वस्ती. एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यातून सिस्टर अकरा वर्षे तिथे जात होत्या. गाडी चारही चाकांना जोर देणारी होती, पण औषधांची कपाटे, पाण्याची टाकी आणि लसींची पेटी घेऊन शेवटचा दगडी चढ तिला झेपत नव्हता. तो चढ इतका सावकाश चढावा लागे, की चालक नानूराम क्लच अर्धा दाबून गाडी रेटत असे. दोन वेळा क्लच जळून गाडी मध्येच अडकली होती. संस्थेच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, की पावसाच्या आत गाडी भरल्या वजनाने वर गेली नाही, तर फलियाची फेरी बंद. माणसे वाईट नव्हती ती, त्यांना अपघाताची धास्ती होती.

"फेरी बंद हुई तो मरीज खाट पर नीचे आएँगे, बाबूजी," सिस्टर म्हणाल्या. "और बरसात में खाट भी नहीं आती."

भैयासाहेब गाडीखाली गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि म्हणाले, "दुसरी ट्रान्सफर केस लावू."

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. ती इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटते, आणि एक दांडी ओढली की वेग कमी करून जोर वाढवते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. अशा दोन पेट्या एकामागे एक बसवल्या, की पहिलीने वाढवलेला जोर दुसरी आणखी वाढवते. गाडी माणसाच्या चालीने, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चढ चढू शकते. सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात दोन्ही पेट्यांच्या मध्ये बसणारी जोडपेटी नव्याने करावी लागते, चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आडवा पट्टा मागे सरकवावा लागतो, दांड्यांसाठी गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागतो आणि चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट नव्या मापाचे करावे लागतात, कारण मागचा आता लांब ठरतो आणि पुढचा आखूड. भैयासाहेबांनी आधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणली. तोवर त्यांनी एक बोल्टही सैल करू दिला नाही.

भंगारातल्या तशाच गाडीची दुसरी पेटी मिळाली. जोडपेटीचा आराखडा मी काढला (या वेळी हाताला भरपूर जागा ठेवून) आणि तिचा ओतीव भाग इंदूरहून करून आणला. मग मागच्या शाफ्टचे माप घ्यायची वेळ आली. मी गाडीखाली शिरले, माप घेतले आणि सवयीने चिठ्ठी पुढे करून दुसऱ्या चिठ्ठीची वाट पाहू लागले. भैयासाहेब म्हणाले, "छोडो हो. तुम्ही मापनशास्त्र शिकवता. तुमचं माप पुन्हा घ्यायचं म्हणजे शोभतं का?"

मुश्ताकभाईंनी माझ्याकडे पाहिले. मला, खरे सांगायचे तर, फार बरे वाटले. पहिल्या भेटीतल्या त्या लाकडी खोक्याची भरपाई झाली असे वाटले आणि दुसऱ्या चिठ्ठीचा आग्रह मी धरला नाही.

मी माप घेतले तेव्हा गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उचललेली होती. चाके लोंबकळत होती. चाके लोंबकळली की मागचा आस खाली जातो आणि पेटीपासूनचे त्याचे अंतर वाढते. गाडी जमिनीवर उतरली, वर वजन पडले, की तेच अंतर कमी होते. म्हणजे मी शाफ्ट लांब कापायला लावला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी सांगते, की माप घेताना वस्तू ज्या स्थितीत काम करणार आहे त्या स्थितीत हवी. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते.

भैरवगढच्या पुढे, छापील कापड वाळत घालतात त्या माळापलीकडच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही वाळूची पोती भरून चाचणी घेतली. पहिल्याच खड्ड्यात गाडी बसली, शाफ्टला आत सरकायला जागा उरली नाही आणि त्याने सगळा दणका पुढे दिला. फाट्कन आवाज आला. जोडपेटीला आरपार तडा गेला होता आणि तेल मातीत ओघळत होते. मला रडू आले. लपवण्याइतकी मी शहाणी नव्हते, रस्त्यातच रडले.

भैयासाहेबांचा आणखी एक रिवाज आहे. चूक ज्याची, त्याने गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचे, आणि सांगताना भैयासाहेब शेजारी बसतात. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. मी सगळे सांगितले, लोंबकळत्या चाकांसकट. माझे बोलून झाल्यावर भैयासाहेब म्हणाले, "नाप इनका था, सिस्टर. दूसरी चिठ्ठी मेरी थी, वो मैंने लिखी नहीं. आधी गलती मेरी है." त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांना असे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मुश्ताकभाई हातातले काम सोडून बाहेर जाऊन उभे राहिले.

सिस्टर म्हणाल्या, "टूटा, वो समझ गई. बनेगा कब, वो बताओ."

पावसाला पंधरा दिवस राहिले असतील-नसतील. नवा भाग ओतून यायला दहा गेले असते. भैयासाहेबांनी ठरवले, ओतायचेच नाही. जाड पोलादी पत्रा कापून, जोडून पेटी उभी करायची आणि लेथवर आतून घासून नेमकी करायची. त्यांचे वय तेव्हा एकाहत्तर. मुलाने फोन करून दटावले, सूनबाईंनी जेवणाचा डबा पाठवताना आत चिठ्ठी ठेवली, की बाबांना तासाभराने बसवा. बसवणार कोण? मुश्ताकभाई थोडे थोडे जोडत, थांबत, पत्रा गार होऊ देत, म्हणजे तो वेडावाकडा होऊ नये. भैयासाहेब लेथवर. मी सकाळची व्याख्याने उरकून तिथे. पहिली पेटी उष्णतेने तिरकी झाली, ती बाजूला फेकली. दुसरी सरळ निघाली.

मग मापाचा दिवस. गाडी जमिनीवर उभी केली. वाळूची पोती टाकली. नानूराम चालकाच्या जागी, सिस्टर शेजारी. "हमको क्यों बिठाया?" सिस्टरनी विचारले. "तुम्हारा वजन भी हर बार ऊपर जाता है ना," भैयासाहेब म्हणाले. मी माप घेतले, चिठ्ठी खिशात. मग गुडघ्यावर हात ठेवत भैयासाहेब खाली शिरले. चिठ्ठ्या उघडल्या तर अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा, फरक. मुश्ताकभाई म्हणाले, "इतना चलता है भैयासाब." भैयासाहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या आणि आम्ही पुन्हा एकेक करून गाडीखाली गेलो. तिसऱ्या खेपेला आकडे जुळले.

पाऊस यायच्या चार दिवस आधी आम्ही सगळे फलियाच्या चढापाशी उभे होतो. गाडी औषधांनी भरलेली. नानूरामने दोन्ही दांड्या ओढल्या आणि सवयीने पाय क्लचवर ठेवला. "पैर हटा," भैयासाहेब ओरडले. "वो खुद चढेगी." गाडी निघाली. तिच्या पत्र्यावर हात ठेवून ते बरोबरीने चालू लागले, मी लाकडी ठोकळा घेऊन मागे, अडलीच तर चाकाखाली सारायला. दगडावर चाक चढायचे, क्षणभर थांबल्यासारखे व्हायचे आणि पुढे सरकायचे. मध्यावर, जिथे दोनदा क्लच जळला होता, तिथे मी ठोकळा पुढे करून वाकले. गाडी तिथून तशीच, त्याच चालीने वर गेली. ठोकळा माझ्या हातातच राहिला.

वर पोचल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टरनी कपाटे उघडली, सतरंजी घातली आणि पहिल्या बाळाला वजनकाट्यावर ठेवले. मुश्ताकभाई डोळे पुसत गाडीखाली तेल गळते का ते बघत होते. भैयासाहेब एका दगडावर बसले होते आणि त्यांना धाप लागली होती, ती काही केल्या थांबेना. सिस्टरनी दुरून पाहिले आणि हाक मारली, "बाबूजी, लाइन में बैठो."

"मला काही नाही झालं," ते मराठीत म्हणाले. सिस्टरना मराठी कळत नाही. शेवटी एका गरोदर बाईच्या मागे आणि एका म्हाताऱ्याच्या पुढे ते मुकाट्याने बसले. नंबर आला, रक्तदाब पाहिला, तो भलताच निघाला. घरच्यांनी दहा वर्षे मागे लागूनही ज्यांनी डॉक्टरचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्या नावाचे कार्ड त्या डोंगरावर तयार झाले. गोळ्या उज्जैनला कुठेही मिळतील, असे त्यांनी सांगून पाहिले. सिस्टर म्हणाल्या, "शहर में आप जाओगे नहीं. गोली यहीं मिलेगी, महीने की महीने."

गेली चार वर्षे ते दर महिन्याला त्या गाडीत बसून वर जातात. पेट्यांचा आवाज ऐकायला जातो, असे ते आम्हाला सांगतात. आवाज ठीक आहे आणि रक्तदाबही. पावसाळ्यातही फेरी चुकलेली नाही, आणि खाटेवरून कुणाला खाली आणावे लागलेले नाही.

भैयासाहेब, आज आपण पंचाहत्तर पूर्ण करत आहात. आपले कार्ड भरले म्हणून सिस्टरनी मागच्या महिन्यात त्याला दुसरे जोडले, हे मी पाहिले आहे. अशी कार्डे जोडत जोडत आपण शंभरी गाठावी, एवढेच मागणे आहे. दर वेळी रांगेत बसावे, कुरकुर करावी, गोळ्या घ्याव्यात. कार्डाच्या शेवटच्या ओळीत सिस्टर लिहितात, 'अगले महीने फिर आना.' तसे आपण यावे.