गायकांचा माळा

वाळूची पोती माळ्यावरून उतरवली, तरी लाकडाचा वाक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा मागे फिरेना.

कल्याणमधलं छोटं चर्च. रेल्वेत नोकरीला आलेल्या गोव्याच्या कुटुंबांनी बांधलेलं. पुढे मोठं चर्च झालं, तेव्हा हे त्यांनी अभ्यासिकेसाठी एका ट्रस्टला दिलं. दाराच्या वर गायकांचा लाकडी माळा. तिथे मुलं बसवायची की माळा तोडायचा, हे माझ्या लोड टेस्टवर ठरणार होतं. लोड टेस्ट म्हणजे वजन ठेवायचं आणि काढायचं. लाकूड वाकणारच. वजन काढल्यावर परत वर आलं, तर पास.

हे आलं नाही.

ट्रस्टचे नाना, आंबिवलीचे जमीनवाले. म्हणाले, "तोडून टाक गो! कनाला जपतेस? इंजिनीअर झालीस म्हणून लाकडाशी बोलशील काय?"

"नाना, मी पण आगरीच, बाळकुमची. ऐकल्याशिवाय हलनार नाय."

खाली बाकावर फिलोमिना आंटी बसलेल्या. माळा त्यांच्या वडिलांनी केलेला.

माझ्या साहेबांना, जोशी सरांना, फोन लावला. "सर, थोडा वेळ द्या. तुळयांची टोकं उघडून बघते."

"बघ. रिपोर्टवर सही तुझी आहे."

तुळई कुजते ती बहुतेक भिंतीत घुसलेल्या टोकाशी. प्लास्टर फोडलं. वर ऑइल पेंटचे थर, निळा, पिस्ता, क्रीम. आत भिंत ओली. ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती. दोन तुळयांची टोकं हातात भुसा होऊन आली. बाकी सागवान टणक.

"एवढा पेंट कोणी मारला?"

"आम्हीच गं, बाय," आंटी म्हणाल्या. "दर नाताळाआधी. सगळ्यात भारीतला." मग हळूच, "म्हणजे आम्हीच कुजवला?"

"तुम्ही दरवर्षी येऊन कौलंही बघत होतात, म्हणून छप्पर तरी गळलं नाही. नाहीतर माळा केव्हाच खाली आला असता." हे खोटं नव्हतं.

सडकी टोकं कापली, लोखंडी प्लेटा बोल्टने जोडल्या. भिंतीचा पेंट खरवडून चुना मारला; चुन्यातून ओल बाहेर पडते. पुन्हा टेस्ट. काटा मागे आला.

"आता काय बोलतंय लाकूड?" नानांनी विचारलं.

"बसा म्हणतंय."

पहिले नानाच जाऊन बसले.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अभ्यास शेजाऱ्यांच्या जिन्यात केलेला. आता त्या माळ्यावर मुली अभ्यास करतात. सरांनी तेव्हा वेळ दिला नसता तर? त्यांचे उपकार मी विसरत नाही.

नाताळाआधी आंटी ब्रश घेऊन हजर. "बाय, डबा आणलाय."

"कसला?"

"चुन्याचा गं! घाबरतेस काय?"

तेव्हापासून जुनी इमारत बघायला गेले की आधी विचारते, हिच्यावर जीव कोणाचा होता? त्यांनी मायेने जिथे रंग चढवला, खरवडायला तिथूनच सुरुवात करते.