न गाणाऱ्यांच्या गटातला शिंपी

त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव ठेवणारा समोरच्या दुकानातला न्हावी त्याचा जिवलग मित्र होता, तेव्हा शत्रूंनी काय ठेवलं असतं याचा विचारच नको. भोंगा पेशानं शिंपी. हात असा की शाळेच्या गणवेशालाही साहेबाच्या कोटाची ऐट यायची. पण देवानं हाताला दिलं ते गळ्यातून वळतं करून घेतलं होतं. मशीन सुरू झालं की भोंगा गायला लागे, आणि तो गायला लागला की न्हावी वस्तरा खाली ठेवे. म्हणे, "उगाच गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ नको."

बेसूर माणसांत बरेचजण सुखी असतात, कारण त्यांना ते माहीत नसतं. भोंग्याला माहीत होतं. शाळेत बाईंनी त्याला "तू नुसते ओठ हलव" म्हणून सांगितलं होतं आणि पुढे नातेवाइकांनी तेच जरा गोड भाषेत सांगितलं. त्याचं एकही गाणं कधी शेवटापर्यंत गेलं नाही. पहिलं कडवं सरत नाही तोवर कुणाला खोकला येई, कुणाला फोन, नाहीतर बायको आतून ओरडे, "अहो, गॅस बंद केलात का?" चार माणसांत मिसळून, कुणी मान वळवून न बघता, एक अख्खं गाणं गायचं, एवढीच त्याची हौस होती. लोक बंगल्याची हौस करतात, गाडीची करतात. याची ही अशी, बिनखर्चाची आणि अशक्य.

एका दुपारी एक मुलगी कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आली. मुलगी कसली, विद्यापीठातली संशोधक होती, पण पस्तिशीच्या आतलं सगळं जग भोंग्याला मुलंच वाटे. मशीनच्या आवाजात त्याला ती आल्याचं कळलंच नाही. गाणं थांबवून त्यानं दोरा तोडला, तर ती दारात उभी, हातात कोट आणि डोळ्यांत चमक.

"काका, तुम्ही नेहमी असंच गाता?"

"सर्दीबिर्दी काही नाही मॅडम. मूळचाच माल आहे हा."

"किती छान!"

साठीला टेकलेल्या भोंग्यानं आपल्या गाण्याबद्दल हे शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकले. त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली.

मग खुलासा झाला. उतारवयात, अजिबात सूर न लागणारी माणसं एकत्र गायला शिकली, तर त्यांच्या गळ्यात, मेंदूत आणि एकटेपणात काय फरक पडतो हे तिला बघायचं होतं. संगीतवाले, मेंदूवाले आणि समाजशास्त्रवाले असे तीन विभाग त्यासाठी एकत्र आले होते आणि खर्च सरकारी तिजोरीतून होणार होता. घोडं फक्त एका ठिकाणी अडलं होतं. गाण्याची जाहिरात वाचून येत ते सगळे बऱ्यापैकी गाणारे निघत. खरा बेसूर माणूस त्या जाहिरातीकडे फिरकणार कशाला?

"तुमच्यासारखी माणसं सापडतच नाहीत हो, काका."

"सापडतील कशी? आम्हाला घरचे लपवून ठेवतात."

चाचणीसाठी विद्यापीठात, मॅडमच्या मजल्यावर गेल्यावर भोंग्याची करमणूकच झाली. एका दारावर लिहिलं होतं की इथे मधमाश्यांच्या झोपेचा अभ्यास चालतो. पुढच्या खोलीत जुन्या नाटकांचे पडदे जपत होते. त्याच्या पलीकडे रांगेत उभी माणसं का भांडतात यावर काम चालू होतं, आणि त्या खोलीपुढे खरोखरच रांग होती. "हे सगळं आपल्या करातून?" त्यानं शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "हो." भोंग्याला बरं वाटलं. दोऱ्याच्या रिळावर आपण कर भरतो, त्यातला थोडा मधमाश्यांच्या झोपेला लागला तर लागू दे.

चाचणी झाली. पडद्यावर खऱ्या सुराची सरळ रेघ होती. नको असलेला ओळखीचा दिसला की माणूस पलीकडच्या फुटपाथवर जातो, तशी भोंग्याच्या आवाजाची रेघ तिला चुकवून जात होती. संशोधक मॅडमचा आनंद गगनात मावेना. "ओळखीत आणखी कुणी असं आहे?" तिनं विचारलं. भोंग्यानं घरी येऊन बायकोला गळ घातली.

"मी कशाला? मी लग्नाआधी बरी गायचे. तुमच्या संगतीनं बिघडले," बायको म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. पोस्टातली नोकरी ती माहेरच्या आडनावानं करत आली होती, तेच तिनं सांगितलं. नवऱ्याचा उल्लेख केला नाही, कारण तिथे त्याला आधीच हसत असतील असा तिचा हिशेब. चाचणीत तीही साफ नापास झाली, म्हणजे पास झाली.

मग संगणकानं चिठ्ठ्या टाकल्या. अर्धे लोक गायचे. उरलेल्या अर्ध्यांनी त्याच वारी, त्याच चहाबरोबर, शेजारच्या खोलीत पत्ते खेळायचे, गप्पा मारायच्या आणि या काळात चुकूनही गायचं नाही. हा तुलनेचा गट. दोन्ही गटांना सोबत सारखीच मिळणार, तेव्हा फरक पडला तर तो गाण्यानंच पडला असं म्हणता येईल.

ज्याला गायचं होतं तो भोंगा पत्त्यांच्या गटात गेला. जिला नको होतं ती बायको गाण्याच्या. दैव देतं आणि संगणक नेतो, दुसरं काय!

पहिल्या दिवशी दोघं एकाच छत्रीतून आले, तेव्हा संशोधक मॅडमनं कपाळाला हात लावला. "अहो, एका घरातले दोघे एकाच गटात हवे होते! मी विचारलंच नाही." पण आता अदलाबदल केली तर चिठ्ठ्यांना अर्थ राहत नव्हता. शेवटी तिनं दोघांना समोर बसवलं. काकूंनी घरी गायचं नाही, काकांनी कुठेच गायचं नाही. "आणि काका, सगळं संपलं की तुमच्या गटालाही शिकवणार आहोत. शब्द देते."

भोंग्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. मशीन मुकाट चालू लागलं. गिऱ्हाइकं विचारू लागली, तब्येत बरी आहे ना? न्हावी मात्र खुशीत होता. "सरकारनं आजवर रस्ते केले, पूल केले, पण या गल्लीसाठी असं भरीव काम पहिल्यांदाच झालं बघ."

"हस तू. पुढे माझीही पाळी आहे."

"ती येईपर्यंत मी दुकान विकून जातो."

घरी तर निराळीच तऱ्हा. नको नको म्हणणारी बायको आता वर्गाच्या दिवशी सकाळपासून घड्याळ बघे. भाजी चिरताना तिच्या नाकातून आपोआप सूर निघे, आणि भोंगा कानावर उशी दाबून ओरडे, "अगं, विज्ञान बिघडवतेस!"

"बाई गं! विसरलेच."

"आणि आज काय शिकवलं?"

"सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

"नुसतं एवढं सांग, मजा येते?"

बायको थांबली. खोटं बोलावं की नाही याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "येते हो," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिनं न मागता त्याच्या पायाला तेल चोळून दिलं.

पत्त्यांच्या गटात एक जुना लिफ्टमन होता. एकदा डाव हरता हरता तो पुटपुटला, "भिंतीपलीकडून ऐकू येतंयच. हळूच गुणगुणलं तर कुणाला कळणार आहे?"

"आपल्याच पैशाचं दूध आहे," भोंगा म्हणाला. "त्यात आपणच पाणी घालायचं? पान टाक."

असे महिने गेले. मोजमापं झाली, तुलना झाली, आणि आता पत्तेवाल्यांची पाळी, तोच संशोधक मॅडम पडलेल्या चेहऱ्यानं आली. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. मुदतवाढ द्यायची की नाही हे बघायला समिती येणार होती. नाही म्हणाली, तर वर्ग बंद.

"म्हणजे आमचं गाणं?" भोंग्यानं विचारलं.

"मी प्रयत्न करते, काका." शब्द दिलेल्या माणसाला तो पाळता येत नसला की मान जशी खाली जाते, तशी तिची गेली.

समिती आली. गाणाऱ्यांचा गट पुढे उभा राहिला, त्यात दुसऱ्या ओळीत बायको. त्यांनी एक गाणं म्हटलं. फार थोर नव्हतं, पण एका सुरात होतं, आणि बायकोचा चेहरा असा फुलला होता की मागच्या बाकावर बसलेल्या भोंग्याला हेवा करायचंही सुचेना. मग आलेख दाखवले. समितीतल्या टक्कल पडलेल्या गृहस्थांनी चष्मा पुसला.

"छान आहे. पण दर आठवड्याला माणसं भेटली, चहा मिळाला, घराबाहेर पडली. तेवढ्यानंच आवाज मोकळा झाला नसेल कशावरून?"

मॅडमनं पुढचा आलेख दाखवला. गृहस्थांचा चेहरा हलला नाही. आलेख बघून बघून त्यांचे डोळे निबर झाले असावेत.

भोंगा उभा राहिला. "साहेब, मी दुसऱ्या गटातला. तोच चहा प्यालो, तेवढ्याच वेळा आलो, माणसंही भेटली. फक्त गायलो नाही. आलेख राहू द्या, मलाच ऐका की. मॅडम, आता मोजमाप झालंय ना? गाऊ?"

मॅडमनं होकारार्थी मान हलवली. आणि भोंग्यानं तेच गाणं धरलं.

पहिल्या ओळीला खिडकीतली कबुतरं उडाली. दुसरीला समितीतल्या बाईंनी रुमाल तोंडाशी नेला. लिफ्टमननं डोळे मिटून घेतले. पण कुणी खोकलं नाही, कुणी फोन घेतला नाही, कारण हा पुरावा चालला होता आणि पुरावा मध्येच तोडता येत नाही. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. आपण इथवर कधीच पोचलो नव्हतो हे भोंग्याच्या लक्षात आलं आणि त्याचा आवाज आणखीच चढला. बायको ओठ घट्ट दाबून त्याच्याकडे बघत होती. तिला हसू येत होतं की रडू, हे तिलाही नक्की सांगता आलं नसतं. शेवटची ओळ त्यानं दोनदा म्हटली, एकदा गाण्यात होती म्हणून आणि एकदा अशीच.

मग टक्कलवाले गृहस्थ हसायला लागले, आणि त्यांच्यामागून सगळा हॉल.

"पटलं," ते डोळे पुसत म्हणाले. "चहानं काही होत नाही, हे पटलं. याहून स्पष्ट पुरावा मी पाहिला नाही."

"मग साहेब, आमची पाळी?"

"तुमची पाळी आली नाही तर समाजाचं नुकसान होईल."

मुदतवाढ मिळाली. न्हाव्यानं बातमी ऐकली आणि दुकान विकण्याऐवजी स्वतःचंच नाव पत्तेवाल्यांच्या गाण्याच्या वर्गात नेऊन दिलं. म्हणाला, "ऐकायचंच आहे, तर निदान सुरात तरी ऐकू."

पहिल्या दिवशी गाण्याच्या बाईंनी सगळ्यांना एकच सूर धरायला सांगितला. भोंग्याजवळ येऊन त्या थांबल्या. "थोडं खाली या." तो आला. "अजून. घाई नको. अजून जरासं." आणि एका ठिकाणी त्याचा आवाज शेजाऱ्यांच्या आवाजात असा बसला, की आपला कुठला आणि त्यांचा कुठला हे त्याला कळेना. घाबरून तो गप्पच झाला.

"का थांबलात?"

"मी हरवलो की काय वाटलं," भोंगा म्हणाला.

"तेच तर हवंय. चला, पुन्हा."

न्हाव्यानं मान वळवून बघितलं नाही. भोंग्यानं खोल श्वास घेतला आणि पुन्हा हरवायला निघाला.