फ्रिजसाठी प्रार्थना

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला आजी मला न्यायला यायची. माझी सख्खी नव्हे, अमेरिकन आजी. सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची, शेतावर वाढलेली बाई, आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. मला नावानं हाक मार, असं तिनं दहादा सांगितलं होतं. आता आईपेक्षा मोठ्या बाईला नावानं हाक कशी मारायची हो? मला ते कधी जमलं नाही, आणि आजी म्हटलेलं तिला कळलं नसतं. म्हणून मी मनात आजी म्हणायचे आणि तोंडावर नुसतं हसायचे. ऐंशीच्या दशकातली, ईडन प्रेरी या बर्फाळ अमेरिकन गावातली माझी पहिली तीन वर्षं बहुतेक हसण्यातच गेली.

नवरा कॉम्प्युटर कंपनीत होता. मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात सात वर्षं नर्स होते, खेडोपाडी फिरून पोरांना लशी टोचलेल्या, पण इथं माझ्या सर्टिफिकेटला विचारतं कोण? माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशाच्या शेपटाला बांधलेला. काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, त्यामुळे आल्या आल्या पहिल्याच रविवारी उपासनेला गेले, आणि त्या गुरुवारी आजी दारात उभी. हातात तिचा जुना लोकरी कोट. म्हणाली, "हा घाल. तुझा तो कोट म्हणजे चेष्टा आहे." इतक्या दिवसांत माझ्याशी नीट बोललेलं ते पहिलं माणूस. मी तिथंच रडले. आता सांगायला लाज कसली, रडले म्हणजे रडले.

चर्चच्या तळघरात दहा-बारा बायका बँडेज गुंडाळायच्या. घरातल्या जुन्या पांढऱ्या चादरी उकळून, वाळवून आणायच्या. कात्री फक्त कडेला लावायची, मग चादर टरकन फाडायची, म्हणजे धाग्यात सरळ फाटते. चार बोटं रुंद पट्ट्या, टेबलावर दाबून घट्ट गुंडाळायच्या, टोकाला सेफ्टी पिन, आणि पिंपात टाकायच्या. वर्षातून एकदा ती पिंपं जहाजानं झिंबाब्वेच्या दक्षिण भागातल्या एका मिशन दवाखान्यात जायची. त्या दवाखान्याची जबाबदारी आमच्या चर्चनं घेतलेली. चाळीस वर्षं हे काम चाललं होतं. कित्येकींची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली होती, पण गुंडाळी कशी, अगदी रेशमाच्या रिळासारखी.

आता मला काय माहीत होतं ते सांगते. लहानपणी आमच्या नगरच्या मिशन कंपाउंडात अशीच पिंपं यायची. माझी आई तिथल्या दवाखान्यात दाई होती. एवढे बँडेज, की गावातल्या सगळ्यांनी एकदम तंगड्या मोडून घेतल्या असत्या तरी उरले असते! आम्ही त्यांनी शेळ्या बांधायचो, झोळीच्या दोऱ्या वळायचो, चिमणीच्या वाती करायचो. आणि पेनिसिलिन संपलेलं असायचं. म्हणजे पिंपाच्या त्या टोकाला मी वाढले होते आणि या टोकाला बसून गुंडाळत होते. त्या अख्ख्या तळघरात हे ठाऊक असलेली बाई मी एकटी.

मला टायपिंग येत होतं, म्हणून चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मिशनचं पान माझ्याकडे दिलं. झिंबाब्वेहून पत्र आलं की ते थेट माझ्या घरच्या पत्त्यावर यायचं. त्यातला सारांश काढून चर्चच्या महिन्याच्या पत्रकासाठी टाइप करायचा आणि गुरुवारी बायकांना वाचून दाखवायचा, एवढं माझं काम. पत्रं लिहायची तिथली मुख्य नर्स. आम्ही सगळ्या तिला सिस्टर म्हणायचो. तिथलीच, तिथल्याच शाळेत शिकलेली. तिनं आसपासच्या प्रत्येक गावातून एकेक बाई निवडून शिकवली होती. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, विहिरीला कठडा का हवा, झाडाच्या फांदीला काटा टांगून पोरं कशी तोलायची. तिची पत्रं वाचताना मी स्वयंपाकघरात उभीच्या उभी राहायचे, चहा गार व्हायचा. वाटायचं, हिला मी ओळखते. हिच्याबरोबर मी काम केलंय.

मार्च महिन्यात तिचं एक पत्र आलं. एकच पान. लिहिलं होतं की लशींचा रॉकेलवर चालणारा फ्रिज आता दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे. दोन वेळा असं झालं, की आया पोरांना पाठीशी बांधून सहा-सात तास चालत आल्या, आणि लस कोमट झालेली निघाली. दोन्ही वेळा त्यांना परत पाठवावं लागलं. तिथली थंडी जून-जुलैत, ती संपली की गोवर येईल, त्याआधी फ्रिज हवा. आणि शेवटी: "कृपा करून या वर्षी बँडेज पाठवू नका. खोली भरली आहे. त्या ऐवजी फ्रिज पाठवा."

इतकं स्वच्छ. इतकं सरळ. मी नगरला असताना असं पत्र लिहायची माझी छाती झाली नसती.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, सिंपल आहे यार. जसं आहे तसं टाइप कर आणि दे." मी म्हटलं, "त्या बायकांना काय वाटेल? चाळीस वर्षांच्या कामाला ही म्हणते, पाठवू नका!" तो म्हणाला, "वाटू दे की. तुझं काय जातं?" बरोबर होतं त्याचं. पण त्याला ऑफिस होतं. माझ्याकडे आठवड्यात एक गुरुवार होता.

मी टाइपरायटरशी बसले आणि सारांश काढला. सिस्टर तुमच्या बँडेजबद्दल मनापासून आभारी आहे. विहिरीचं काम छान चाललंय. दवाखान्यातला फ्रिज जुना झाला आहे, त्यासाठी प्रार्थना करावी.

प्रार्थना करावी! ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसं. आणि ते भांडं माझं तरी होतं का? दुसरीचं भांडं मी पदराखाली लपवलं.

गुरुवारी मी तेच वाचून दाखवलं. बायकांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या, डोळे मिटले, आणि आजीनं त्या फ्रिजसाठी प्रार्थना केली. खरी, मनापासूनची प्रार्थना. मी पण डोळे मिटले. मग आजीनं विचारलं, "तो फ्रिज चालतो का अजून?" तोंडाशी आलं होतं हो माझ्या. पण माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं नुकतीच एक गुंडाळी पुरी करून, वाकड्या बोटांनी पिन लावून, माझ्याकडे कौतुकानं सरकवली होती. मी म्हणाले, "चालवून घेतात ते. तशी सवय असते." सवय असते! मिठाची गुळणी तरी धरायची होती तोंडात. त्यापेक्षा वाईट केलं मी.

भीड ही भिकेची बहीण, असं आई उठता बसता म्हणायची. मला वाटायचं, ती आपल्या गरिबीबद्दल बोलते. स्वतःच्या भिडेपायी दुसऱ्याच्या पदरी भीक टाकता येते, हे मला ईडन प्रेरीत कळलं. आणि नुसती भीड तरी कुठं होती? भीती होती. तक्रार घेऊन येणारी काळी बाई व्हायचं नव्हतं मला. मला वाटलं, ह्या रुसतील, आणि पुढच्या गुरुवारी गाडी येणार नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी. बसायला एक खुर्ची आणि कपभर पातळ कॉफी.

ईस्टरनंतर पिंपं गेली. त्या वर्षी आम्ही नेहमीपेक्षा एक पिंप जास्त भरलं.

पुढचं पत्र आलं तेव्हा इथं झाडांची पानं गळत होती. मी ते पोस्टाच्या पेटीपाशीच उघडलं. गोवर आला होता. लशीच्या तिसऱ्या खेपेलासुद्धा आयांना परत पाठवावं लागलं होतं, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत तो गावांत शिरला. किती पोरं गेली ते तिनं आकड्यात लिहिलं नव्हतं, गावांची नावं लिहिली होती, एकाखाली एक. तिनं शिकवलेल्या बायकांपैकी एकीचं पोरही त्यात होतं. ती बाई आता काटा टांगायला येत नाही, असं लिहिलं होतं. दोष कुणालाच दिला नव्हता. फक्त शेवटी एक ओळ: "मार्चमध्ये मी तुम्हाला फ्रिजविषयी लिहिलं होतं. बहुतेक ते पत्र तुम्हाला मिळालं नसावं."

मी घरात आले आणि जमिनीवर बसले. देवाचं नाव घ्यायचंही धाडस होईना. कोणत्या तोंडानं घेणार?

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही पत्रं आजीच्या हातात दिली. आधी मार्चचं, मग हे. तिनं गाडी दारातच बंद केली, चष्मा काढून दुसरा लावला, आणि सावकाश वाचलं. मार्चचं पत्र दोनदा वाचलं.

मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आमच्या शेतावर वीज फार उशिरा आली. तोवर आमच्याकडे असाच रॉकेलचा फ्रिज होता. वात नीट कापली नाही की ज्योत पिवळी व्हायची, सगळं घर काजळीनं भरायचं, आणि दूध नासायचं. माझ्या धाकट्या भावाचं औषध त्यात असायचं. मी रात्री दोनदा उठून ती ज्योत बघायचे." मग म्हणाली, "मला कळलं असतं गं. मला एका वाक्यात कळलं असतं."

मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. बँडेजचं.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता, तिला खरंच समजत नव्हतं. "पण तू तर नर्स आहेस ना?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर आठ दिवसांत फ्रिजची सोय झाली. आठ दिवसांत! आजीनं दोन फोन केले, पाळकांना घरी जाऊन गाठलं, आणि जोहान्सबर्गहून ट्रकनं फ्रिज पाठवायची व्यवस्था झाली. नाताळच्या आत तो पोचला. वरातीमागून घोडं म्हणतात, पण ती म्हण लग्नाची आहे. ह्याला काय म्हणायचं ते मला सांगता येत नाही.

सिस्टरचं उत्तर जानेवारीत आलं. तिनं आभार मानले होते. ज्योत निळी आहे, लस चांगली गार राहते, असं लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की लशीचा दिवस ठरवला, पण कुणीही आलं नाही. आया म्हणतात, तीन वेळा आलो, आता कशाला? ती स्वतः गावागावांत पायी जाऊन सांगते आहे. आणि बँडेजच्या खोलीला तिथल्या पावसाळ्यात ओल आली आहे, तरी कृपा करून ते पाठवू नयेत.

बँडेज नकोत हे तळघरात अजून आजीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. हे पत्र मी जसंच्या तसं टाइप केलं. एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. गुरुवारी तळघरात उभी राहून मोठ्यानं वाचलं, बँडेजच्या ओळीसकट. वाचून झाल्यावर शेजारच्या बाईनं हातातली चादर घडी घालून बाजूला ठेवली आणि विचारलं, मग आता काय पाठवायचं ते सांग.

कुणालाही राग आला नाही.