साध्या मास्तराला आमदानी नसते

शिक्षकांच्या खोलीत खडू संपतात, किस्से संपत नाहीत. चार मास्तर, चहाची किटली आणि मधली सुट्टी, एवढ्यावर आमच्या कसालजवळच्या हायस्कुलात त्यांची रास पडायची. त्यातले निम्मे गोपाळदादाचे. गोपाळदादा म्हणजे शाळेचा शिपाई. त्याचे माझ्यावर जे उपकार आहेत ते काही फिटायचे नाहीत, म्हणून निदान सांगतो तरी!

*

छप्पन्न साली जूनमध्ये मी इतिहास शिकवायला रुजू झालो. टेम्पररी! मार्चमध्ये संस्थेची कमिटी येणार. पसंत पडलो तर कायम, नाहीतर परत देवगडला, मामाकडे आंब्याच्या पेट्या ठोकायला.

पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, हे नकाशे कधीचे?"

"परबसरांच्या आमदानीतले."

परबसर म्हणजे आधीचे हेडमास्तर. मी ताजा पदवीधर, गप्प कसा बसेन? म्हटलं, "आमदानी म्हणजे राज्य करण्याचा काळ. ती राजांची असते. पेशव्यांची आमदानी, इंग्रजांची आमदानी."

"इंग्रज गेले ना?"

"गेले."

"मगे? शब्द काय तसोच पडान रवतलो?"

*

गोपाळदादाला सालं आठवत नसत. विहीर, घंटा, फणसाचं झाड, सगळं कोणा ना कोणा हेडमास्तराच्या आमदानीतलं. नवा हेडमास्तर आला की घंटेच्या खांबावर तो कोयत्याने एक खाच पाडायचा. तीन खाचा होत्या. शेवटची आमच्या नाडकर्णी सरांची.

मी गमतीने म्हटलं, "माझी खाच कुठे पाडणार?"

"सर, मास्तर येतत नि जातत. साध्या मास्तराक आमदानी नसता!"

हसलो खरा, पण टेम्पररी माणसाला ते जरा लागलंच.

*

वर्गात एकदा विचारलं, "आमदानी म्हणजे काय?" पुस्तकातलं उत्तर कोणालाच येईना. मागच्या बाकावरची सुलोचना उठली.

"सर, ज्येका इचारल्याशिवाय काय एक करूक गावणा नाय, तेची आमदानी."

"उदाहरण दे."

"आमच्या घरात थोरल्या काकीची!"

वर्ग हसून लोळला. मी मात्र ती व्याख्या वहीत उतरवून घेतली. पुढे कायम तीच शिकवली.

*

सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला, 'कोणत्याही एका आमदानीतील दोन सुधारणा लिहा.' बारा पोरांनी लिहिलं, 'परबसरांच्या आमदानीत विहीर झाली व नकाशे आले.' पोरं गोपाळदादाच्याच तालमीतली! मी मुकाट्याने मार्क दिले.

नेमका तो गठ्ठा नाडकर्णी सरांच्या हाती लागला. सगळे पेपर चाळून त्यांनी थंडपणे विचारलं, "आणि आमच्या आमदानीतल्या सुधारणा?"

एकानेही लिहिलेल्या नव्हत्या!

महिनाभर सर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण दिवाळीनंतर शाळेला मुतारी झाली.

*

ऑफिसात पुस्तकांचं एक कपाट होतं. कायम कुलपात, कारण मुलं पुस्तकं फाडतात! मी किल्ली मागून मागून सरांचं डोकं खाल्लं. शेवटी वैतागून म्हणाले, "घ्या. एक पान फाटलं तरी तुम्ही जबाबदार."

दर शनिवारी पुस्तकं वाटायला लागलो. गोपाळदादाने न सांगता खळ शिजवली आणि झाडून सगळ्या पुस्तकांना जुन्या वर्तमानपत्रांची कव्हरं घातली. वर मलाच म्हणाला, "फाटला तर नोकरी तुमची जायत. माका काय!"

*

मार्चमध्ये कमिटी आली. अध्यक्ष काजूचे व्यापारी, बोलणं रोखठोक. मी समोर उभा असतानाच त्यांनी विचारलं, "हेडमास्तर, ह्यो मास्तर ठेवचो की बदलूचो?"

"बघू," नाडकर्णी सर म्हणाले. "अजून नवखे आहेत."

मला डोळ्यांपुढे आंब्याच्या पेट्या दिसायला लागल्या.

तेवढ्यात अध्यक्षांचं लक्ष कपाटाकडे गेलं. अर्ध्याहून अधिक पुस्तकं मुलांकडे गेलेली.

"ह्या कपाट माझ्या बापाशीन दिलेला. सदा कुलपात असायचा. उघडला कधी?"

सरांनी कोट सारखा केला. पण गोपाळदादा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होता.

"ता? ह्या सरांच्या आमदानीत."

आणि त्याने ट्रेसकट माझ्याकडे मान केली. हेडमास्तर समोर असताना! नाडकर्णी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

अध्यक्ष हसायला लागले. "मगे हेडमास्तर, सरांची आमदानी मार्चातच संपवूची?"

नाडकर्णी सरांनी स्वतःच्या हाताने एक कप माझ्यापुढे सरकवला.

"जूनपासून कायम करू या," ते म्हणाले.

चहा कसाबसा संपवून मी बाहेर धावलो. गोपाळदादा घंटेच्या खांबापाशी पाठमोरा उभा होता. हातात कोयता.

"दादा, काय करताय?"

त्याने कोयता पाठीमागे घेतला.

"काय नाय. तास झालो, सर. वर्गार जावा."